थांबावंसं वाटलं म्हणून कॉमा

वाचताना जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथे कॉमा द्यायचा, असं माझ्या लेकीला प्राथमिक शाळेत कुणीतरी शिकवलं होतं. नियम लहान मुलाला पटकन पटणारा आहे, आणि त्याच्या जोरावर ती थेट अकरावीपर्यंत आली. इथे न्यू जर्सीत अकरावी म्हणजे एसएटीचं, कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचं वर्ष. ती सरावाला बसली आणि पहिल्याच आठवड्यात त्या नियमाचे धिंडवडे निघाले.

हे वाक्य बघा : ‘द सायंटिस्ट्स हू स्टडी द बॉटम ऑफ द ओशन हॅव फाउंड मेनी न्यू स्पीशीज.’ मोठ्याने वाचलं तर ‘ओशन’नंतर कुणीही क्षणभर थांबेल. एवढा लांबलचक कर्ता तोंडातून बाहेर पडल्यावर थांबायलाच हवं. पण तिथे कॉमा चालत नाही. कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा घालायचा नाही, असा आजच्या इंग्रजीचा कायदा आहे. मध्ये काही जादा माहिती घुसवलीत तर तिच्या दोन्ही अंगांना एकेक द्या, नाहीतर एकही नको. लेकीने अर्थातच कॉमा दिला आणि उत्तर चुकलं. तिने पुन्हा वाचलं, पुन्हा तिथेच थांबली आणि वैतागून म्हणाली, “पण आई, इट साउंड्स राइट!”

हे ‘साउंड्स राइट’ त्यानंतर आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज ऐकू यायला लागलं. तिच्या लेखी तो पुरावा होता. माझ्या लेखी तो पुरावा होऊच शकत नव्हता, कारण मला इंग्रजीत काही आपोआप बरोबर वाटेल अशी सोय कधी नव्हतीच. मी सांगलीच्या मराठी शाळेतली. आमच्या वेळी राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. दहाव्या वर्षापर्यंत ही भाषा माझ्या कानावर पडली ती रेडिओवरच्या क्रिकेटच्या कॉमेंटरीत, आणि त्यातलंही आम्हाला फक्त ‘आउट’ आणि ‘फोर’ कळायचं. त्यामुळे एखादं वाक्य बरोबर की चूक, हे कानाला विचारून उपयोग नव्हता. व्याकरणालाच विचारावं लागायचं.

या परीक्षेच्या वाटेला जे गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठी कॉलेज बोर्ड ही संस्था एसएटी घेते. २०२४च्या मार्चपासून अमेरिकेत ती लॅपटॉपवर आली, भारतासकट बाहेरच्या देशांत त्याच्या वर्षभर आधीच. एकूण ९८ प्रश्न आणि दोन तास चौदा मिनिटं. त्यातले ५४ प्रश्न वाचन-लेखनाचे, सत्तावीस-सत्तावीसच्या दोन भागांत, एका भागाला ३२ मिनिटं. पहिला भाग कसा गेला त्यावरून दुसरा सोपा मिळणार की अवघड, ते यंत्र ठरवतं. या ५४ पैकी साधारण ११ ते १५ प्रश्न निव्वळ व्याकरणाचे आणि विरामचिन्हांचे. दीडशे शब्दांच्या आतला एक उतारा, त्यात एक रिकामी जागा, खाली चार पर्याय. विरामचिन्हांच्या प्रश्नांत चारही पर्यायांतले शब्द बहुधा तेच असतात. एकात कॉमा, एकात सेमिकोलन, एकात कोलन आणि एकात काहीच नाही.

उतारे मात्र वाचनीय असतात, हे मला कबूल करायला हवं. खोल समुद्रातले जीव, कुठल्याशा डोंगरातली विणकर बाई, विस्मृतीत गेलेली गणितज्ञ. मी त्यांत रमून जायचे आणि लेक ओरडायची, “आई, तू स्टोरी काय वाचत बसतेस? ७१ सेकंद आहेत एका प्रश्नाला!”

आमच्या शाळेत वाक्यपृथक्करण असायचं. मराठीच्या तासाला केवल, संयुक्त, मिश्र. इंग्रजीच्या तासाला तेच सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स या नावांनी. शिवाय ‘डू ॲज डायरेक्टेड’. ‘टू’ काढून लिहा, ‘नो सूनर... दॅन’ वापरून लिहा, दोन वाक्यांचं एक करा. ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’ हे वाक्य मी ‘टू’ काढून, घालून, उलटं करून इतक्यांदा लिहिलंय की बस. इंग्रजीत खरोखर चहा मागायची वेळ आली ती कितीतरी वर्षांनी, नेवार्कच्या विमानतळावर, आणि तिथे ते वाक्य कामाला आलं नाही. आमच्या बाईंनाही इंग्रजी बोलायला येत असेल असं वाटत नाही. पण वाक्य चिरून त्यातला कर्ता बाजूला काढणं, मुख्य वाक्य कुठलं आणि त्याच्या आश्रयाला आलेलं कुठलं हे ओळखणं, एवढं त्यांनी आम्हाला पक्कं शिकवलं.

लेकीला क्लॉज म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तिला एकच क्लॉज ठाऊक, डिसेंबरात येणारा. इंग्रजीत ए ग्रेड, घरात पुस्तकांचा ढीग, वर्गात वादविवाद करणारी मुलगी, आणि वाक्यातलं क्रियापद दाखव म्हटलं की बोट भलतीकडे.

मला आधी वाटलं, हिची शाळाच ढिली. मग वाचत गेले तसं कळलं की यामागे शंभर वर्षांचं भांडण आहे. अमेरिकेतही एकेकाळी वाक्यपृथक्करण होतं, आणि तेही चित्रं काढून. ब्रुकलिनमध्ये शिकवणाऱ्या रीड आणि केलॉग या दोघांनी १८७७ साली वाक्याची आकृती काढायची एक पद्धत आणली. आडवी रेघ ओढायची, तिच्यावर कर्ता आणि क्रियापद लिहायचं, दोघांच्या मध्ये उभी रेघ. विशेषणं खाली तिरक्या रेघांवर टांगायची. इथल्या कित्येक पिढ्या फळ्यावर या आकृत्या काढत मोठ्या झाल्या. पुढे १९६३ साली ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेखन-शिक्षणावरचा अहवाल आला. त्यात सांगितलं होतं की औपचारिक व्याकरण शिकवल्याने मुलांचं लेखन सुधारत नाही, उलट लिहिण्याचा वेळ त्यात खर्च झाल्याने नुकसान होऊ शकतं. १९८५ साली तर इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने सुटं व्याकरण घोकून घेण्याच्या विरोधात ठरावच केला. शाळांमधून आकृत्या हळूहळू पुसल्या गेल्या.

हे म्हणणं मला बरंचसं पटतं. पुरावा म्हणून मी स्वतःच उभी आहे. वाक्य चिरता येणं आणि वाक्य लिहिता येणं यांचा संबंध असता तर आमच्या वर्गातून दरवर्षी दोन-चार तरी इंग्रजी लेखिका बाहेर पडल्या असत्या. गंमत अशी की शाळेने व्याकरण सोडलं तरी परीक्षेने सोडलं नाही. १९७४ ते १९९४ या काळात एसएटीला प्रमाण लेखी इंग्रजीची अर्ध्या तासाची वेगळी चाचणी जोडलेली असायची. २००५ साली लेखनाचा स्वतंत्र विभाग आला, त्यात निबंधही होता. २०१६ साली निबंध ऐच्छिक झाला, २०२१ साली तो गेला. चिन्हं मात्र राहिली. मुलांना लिहायला लावून ते तपासायचं तर वाचायला माणसं लागतात आणि दोन माणसांचं मत जुळत नाही. कॉमा की सेमिकोलन हे यंत्र क्षणात तपासतं. व्याकरण टिकलं त्यामागे भाषाप्रेमापेक्षा हा हिशेब मोठा असावा, असं माझं मत आहे.

शाळेने टाकलेलं आणि परीक्षेने धरून ठेवलेलं, यांच्या मधल्या फटीत इथले क्लासेस उभे आहेत. ओक ट्री रोडवर साडीच्या आणि मिठाईच्या दुकानांची रांग आहे, त्याच भागात टेस्ट प्रेपच्या पाट्याही दिसतात. आम्ही एकात चौकशी केली, फी ऐकली आणि घरी आलो. खान अकॅडमीवर २०१५पासून हाच सराव फुकट मिळतो. शिवाय घरात सांगलीचं वाक्यपृथक्करण होतंच.

पण शिकवायला बसल्यावर मला सारखी मराठी आडवी येऊ लागली. लेकीने लिहिलं होतं, ‘माय ग्रँडमदर ग्रोज टोमॅटोज, शी सेल्स देम ऑन संडेज.’ दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडलेली. इंग्रजी परीक्षेत हा मोठा गुन्हा. तिथे पूर्णविराम द्या, सेमिकोलन द्या, नाहीतर ‘अँड’ घाला. नुसता कॉमा द्यायचा नाही. का नाही, हे समजावताना माझीच जीभ अडखळली. कारण आपण काय लिहितो? पाऊस आला, शाळा सुटली. दार वाजलं, कुत्रं भुंकलं, आजोबा उठले. यात कुणाला काही खटकत नाही.

यावर मी खूप विचार केला. आपलं वाक्य क्रियापदाशी येऊन संपतं. ‘आला’, ‘सुटली’, ‘उठले’ असं ऐकलं की वाक्य झालं हे कळतं. पुढे टिंब असो, रेघ असो, काही नसो. मोडीतली जुनी पत्रं बघा. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, लेखणी न उचलता ओळ भरलेली. तरी त्यात तह झाले, वसुलीचे हिशेब झाले, भाऊबंदकीच्या तक्रारी झाल्या, आणि वाचणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत होतं. अभंगांचं काम एका-दोन दंडांवर भागलं. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन जातं आणि मग मागे कर्म, ठिकाण, वेळ, कुणाबरोबर, कशासाठी अशी लांब शेपटी. ती कुठे संपली ते वाक्य स्वतः सांगत नाही, म्हणून बाहेरून खूण करावी लागते.

आणि आज आपण मराठीत ज्या खुणा करतो त्याही इंग्रजीतूनच आल्यात, छापखान्यांच्या काळात. मेजर थॉमस कँडी हे त्यांतलं मोठं नाव. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातले हे गृहस्थ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी विरामचिन्हांवर मराठीत पुस्तिका लिहिली आणि शालेय पुस्तकांमधून ही चिन्हं रुळवली. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे मराठी लोकांना पण एका इंग्लिश माणसाने कॉमा शिकवला? त्याला पण ७१ सेकंद दिलेले का?”

खरी मजा आली ती लोंबकळणाऱ्या विशेषणांत. ‘वॉकिंग टू स्कूल, द रेन ड्रेंच्ड मी.’ परीक्षेच्या हिशेबाने हे चूक, कारण वाक्याच्या सुरुवातीला जे कुणी चालतंय तेच कॉमानंतर लगेच यायला हवं. इथे आला पाऊस, म्हणजे पाऊस शाळेत चालला. लेकीला ते काही केल्या दिसेना. “एव्हरीवन नोज रेन डझन्ट वॉक, आई.” बरोबरच होतं तिचं. मराठीत ‘शाळेत जाताना पावसाने मला भिजवलं’ हे वाक्य सरळ आहे. ‘जाताना’ कुणाचंही असू शकतं.

मग मी तिला विचारलं, ‘शाळेत जाऊन पाऊस आला’ हे कसं वाटतं? ती खो खो हसायला लागली. पाऊस शाळेत गेला? म्हणजे मराठीत हाच नियम आहे, फक्त ‘-ताना’ला नाही, ‘-ऊन’ला आहे. जाऊन, करून, खाऊन म्हटलं की पुढचं काम सहसा त्याच कर्त्याने करायचं. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. ती मराठी शिकली ती स्वयंपाकघरात आणि सांगलीच्या सुट्ट्यांत, लिहिताना तिची वेलांटी अजून चुकते, पण ‘जाऊन पाऊस’ तिच्या कानाने एका क्षणात पकडला. त्या संध्याकाळनंतर तिचे त्या प्रकारचे प्रश्न चुकेनासे झाले. इंग्रजीचं ‘-इंग’ म्हणजे आपलं ‘-ऊन’ असं धरून चालायचं, एवढी एक खूणगाठ पुरली. तंतोतंत तसं नाही, पण परीक्षेपुरतं चालतं.

कर्ता-क्रियापदाच्या मेळातही मराठी उपयोगी पडली. ‘आंब्यांची पेटी आले’ असं ती चुकूनही म्हणणार नाही. मराठीत क्रियापदाला लिंगही सांभाळावं लागतं, त्यामुळे पेटी आली की आंबे आले, हे बघायची सवय असते. परीक्षा पेटी आणि ‘इज’ यांच्या मध्ये दीड ओळ कोंबते आणि शेवटचा शब्द मुद्दाम अनेकवचनी ठेवते. मधली ओळ बोटाने झाकायची, हा त्यावरचा उपाय. स्क्रीनवर बोट ठेवून ठेवून तिच्या लॅपटॉपची पार रया गेली.

चिन्हांसाठी आमच्या घरची एक भाषाच तयार झाली. रिकाम्या जागेच्या अलीकडचं वाचायचं, पलीकडचं वाचायचं आणि विचारायचं, हे एकटं उभं राहतं का? “इकडे फुल, तिकडे फुल”, म्हणजे दोन्हीकडे पूर्ण वाक्य असेल तर कॉमा बाद. “इकडे फुल, तिकडे हाफ” असेल तर सेमिकोलन बाद. कोलनला अलीकडे फुल लागतंच, पलीकडे काहीही चालतं. डॅशने उघडलंय तर डॅशनेच बंद करायचं, कॉमाने नाही. माणसाच्या आधी त्याचा हुद्दा आला तर कॉमा नको; आपणही ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी’ असं एका दमात लिहितो. सगळ्यात छळलं ते ‘हाऊएव्हर’ने. ते मागच्या वाक्याचं की पुढच्या, हे चिन्हांवरून कळत नाही. अर्थ वाचूनच ठरवावं लागतं, आणि सेमिकोलन मग त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे जातो. पुण्यातला माझा भाचाही याच परीक्षेच्या तयारीत होता. दोघं व्हॉट्सॲपवर एकमेकांना हे प्रश्न टाकायची. व्याकरणात तो तिच्या पुढे असायचा आणि तिला त्याचा राग यायचा.

तो पुढे का, याचं उत्तर मला या परीक्षेत काय नाही ते बघताना मिळालं. तिच्यात ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ जवळजवळ नाहीत. ‘इन’ की ‘ॲट’ की ‘ऑन’, हे सहसा नाही. म्हणजे आपल्यासारख्यांचं आयुष्य ज्यात जातं तेच नाही. मी वीस वर्षं इथे नोकरी करतेय आणि अजून ऑफिसची महत्त्वाची ईमेल पाठवण्याआधी लेकीला हाक मारते, “अगं, इथे ‘द’ येतो का?” ती मान वर न करता सांगते. कसं कळलं विचारलं तर खांदे उडवते. इंग्रजीत वाढलेल्या मुलाला तो प्रश्न पडतच नाही, म्हणून त्यावर परीक्षा घेता येत नाही. एसएटी बेतलेली आहे इंग्रजी कानात असलेल्यांसाठी, आणि विचारते तेवढंच जिथे तो कान दगा देतो. परक्याच्या अडचणी ती वगळते. त्यामुळे पुण्यात बसून नियमाने इंग्रजी शिकलेला मुलगा त्या पंधरा प्रश्नांत सरस ठरतो, आणि न्यू जर्सीत जन्मलेली मुलगी रडकुंडीला येते. परदेशी विद्यार्थ्यांची इंग्रजीची परीक्षा वेगळी, तिथला भोग वेगळा.

या परीक्षेचा जन्म आठवला की हा उलटा न्याय आणखीच गमतीचा वाटतो. पहिली एसएटी २३ जून १९२६ रोजी झाली. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न, म्हणजे एकेकाला अठरा-एकोणीस सेकंद. लेकीला हे सांगून काही दिलासा मिळाला नाही. ही परीक्षा बनवणारे प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली एक पुस्तक लिहिलं होतं. बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांमुळे अमेरिकेची बुद्धी खालावत चालली आहे, असा त्याचा सूर होता. १९३० साली त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले, हे त्यांच्या खात्यावर लिहायला हवं. पण आज त्याच परीक्षेच्या तयारीला बाहेरून आलेल्यांचीच मुलं शनिवार-रविवार सगळ्यात जास्त घाम गाळताना मला आजूबाजूला दिसतात.

आता ही परीक्षा हवी की नको यावरही वाद आहेत. कोविडच्या काळात बऱ्याच कॉलेजांनी ती ऐच्छिक केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने गुण बघणंच बंद केलं. एमआयटीने २०२२ साली ती पुन्हा सक्तीची केली, डार्टमथने २०२४ साली. दोन्हीकडे मुद्दे आहेत. आमच्या घरात हा वाद कधी झाला नाही, तारीख भरून झाली होती.

परीक्षेबद्दल एक गोष्ट मात्र मला आवडली. जाणत्या लोकांत ज्यावर मतभेद आहेत ते ती सहसा विचारत नाही. यादीतल्या शेवटच्या ‘अँड’च्या आधी कॉमा द्यावा की नाही, यावर इथे लोक हमरीतुमरीवर येतात. मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांचा ओव्हरटाइमचा खटला अशाच एका न दिलेल्या कॉमावर फिरला. कोणत्या कामांना जादा वेळेचे पैसे द्यायचे नाहीत याची यादी कायद्यात होती, तिच्यात शेवटच्या ‘ऑर’च्या आधी कॉमा नव्हता. म्हणून शेवटचे दोन शब्द एक काम की दोन, हे कळेना. २०१७ साली अपील कोर्टाने चालकांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ साली पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. असल्या जागी परीक्षा पाऊल टाकत नाही. ती भक्कम जमिनीवरच उभी राहते, म्हणजेच भाषेचा फार थोडा भाग तपासते. तेवढा ती नीट तपासते, पण चांगलं लिहिता येतं की नाही हे त्यातून कळत नाही. ते कळेल असा आव इथले काही पालक आणतात, तेव्हा मी विषय बदलते.

वसंतात परीक्षा झाली. व्याकरण छान गेलं. गणितात एक वर्तुळ अडलं, असं कळलं. जूनपासून प्रवेशअर्जाचा निबंध सुरू झाला, ६५० शब्दांची मर्यादा. तिने विषय घेतला २०१९च्या ऑगस्टचा. आम्ही तेव्हा सांगलीत होतो, माहेरच्या घराच्या वरच्या मजल्यावर, आणि कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं होतं. ती तेव्हा लहान होती. तिला काय आठवत असेल असं मला वाटलं होतं, पण तिने बरंच लिहिलं होतं. मेणबत्त्या, पिण्याच्या पाण्याच्या कळशा, आणि दिवसभर येणारे फोन. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं, एवढंच जो तो विचारायचा.

तिच्या निबंधात एक परिच्छेद होता. ‘फिफ्टी-टू फीट. देन फिफ्टी-फोर. देन फिफ्टी-सिक्स.’ मी पेन्सिल उचलली. यातलं एकही वाक्य एकटं उभं राहत नाही, एकातही क्रियापद नाही. मी समासात ‘द वॉटर हॅड रिझन टू’ असं लिहून तिच्यापुढे सरकवलं.

“आई, नाही,” ती म्हणाली. “फोनवर कुणी वॉटर म्हणत होतं का? आजी फोन उचलायची, ऐकायची आणि आपल्याला सांगायची, ‘चोपन्न.’ बास. एवढंच.”

तसंच होतं ते. त्या आठवड्यात सांगलीत कुणी पूर्ण वाक्यात बोलत नव्हतं. मी समासातलं खोडलं. तरी एका ठिकाणी तरी क्रियापद घाल, असं मी सुचवून पाहिलं. तिने मोजून सांगितलं की माझ्या दुरुस्तीने दर वेळी पाच शब्द वाढतात, आणि आत्ताच ती ६४८वर आहे.